मधला हात

बाळीवेशीत आमचं दुकान, दहा बाय आठ.
एक दगडी उखळ, एक मुसळ, वर तापणारा पत्रा
आणि पाटी : शेंगाचटणी, हातकुटीची.
मशीन दाण्याचं तेल आतल्या आत जाळतं,
मुसळ त्याला नुसतं बाहेर बोलावतं.
हे मी गिऱ्हाइकाला सत्तावीस वर्षं सांगत आले.

मुसळ उचलायचे आमचे हे.
मी दोन ठोक्यांच्या मधे हात घालून
खालची चटणी वर आणायची.
एकदाही बोट सापडलं नाही.
गप्पा मारत, भांडत, एकदा तर रडत रडत,
हात आत, हात बाहेर.

मग त्या चैत्रात
एक ठोका पडला
आणि पुढचा पडलाच नाही.
माझा हात उखळात तसाच,
तिखटानं लाल,
वाट बघत.

सिव्हिलच्या खिडकीतनं विचारलं, पेशंटचं नाव?
मी ते जन्मात पहिल्यांदा उखाण्याशिवाय घेतलं,
रेवणसिद्ध,
आणि आडनाव काही केल्या आठवेना.

दोन स्प्रिंगा बसवल्या आत.
ठोक्यांचा कागद दिला, नुसत्या टेकड्या-टेकड्या.
आहाराचं सांगायला आली ती पोरगी मंद्रूपची.
छापील यादीवर ओट्स होते, अक्रोड होते.
तिनं माझ्या हाताकडं बघितलं, नखांतलं तिखट बघितलं,
यादी उलटी केली अन् मागं पेनानं लिहिलं :
ज्वारीची भाकरी. हुलगे. लसूण.
शेंगा मूठभर, मुठीनंच मोजायच्या.
जवस दोन चमचे, पण कुटून,
अख्खा आला तसा निघून जातो.
मीठ, असं लिहून पुढं काहीच लिहिलं नाही,
त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.
गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे तोंडानं सांगितलं. तीनदा.

कुटून, म्हणाली.
एवढ्या मोठ्या दवाखान्यात
मला येतं असं एकच काम निघालं.

घरी आल्यावर जवस भाजला. तडतडला,
म्हशीच्या पेंडीचा वास घरभर.
हे म्हणाले, आता गोठ्यातलं खाऊ घालतीस का?
आणि खाल्लं. भाकरीबरोबर, गप्प, मीठ शोधत.
तीन महिन्यांत देवळाच्या पायऱ्या न थांबता चढले,
तळ्याकाठी उभं राहून मला हात केला.

श्रावणात कारळ्यांची चटणी करायला डबा उघडला.
काळ्या कारळ्यांत पांढऱ्या गोळ्या.
परातीत ओतून निवडत बसले, खडे निवडावेत तशा.
अकरा निघाल्या.
म्हणाले, तुझा जवस आहे की, आता बरा आहे मी.

खोटं कशाला बोलू,
क्षणभर मला बरं वाटलं.
कुणाच्या हातच्या चटणीवर
एवढा भरवसा कोण टाकतं?

मग उठले, तांब्या भरला,
बारावी गोळी पुढं धरली.
म्हटलं, जवस काय देव नव्हे.
कुटलेला आहे. मी कुटलाय.
त्याला जमतं तेवढं तो करतो,
ह्या गोळीला जमतं तेवढं ती.
दोघांना एकमेकांच्या कामात घालू नका.
घेतली. तोंड असं केलं, जसं काही मीच कडू होते.

आता मुसळ मी उचलते.
डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही,
हात घालायचा नाही असं कुठं म्हणाले?
हे हात घालतात मधे,
लसूण, जिरं, दाणे खालनं वर.
मी जरा हळू मारते. त्यांना कळतं.
म्हणतात, मार की नीट.

पाटीवर खाली एक ओळ वाढवलीय खडूनं :
जवस, कारळे, मीठ कमी.
कालच एक गिऱ्हाईक चाखून म्हणालं,
अव्वा, मीठ विसरलीस.
म्हटलं, नाही हो,
चांगलं लक्षात आहे.